१० बाय १२ च्या खोलीसाठी घरी बनवलेला सबवूफर: सील्ड की पोर्टेड, प्लाय की एमडीएफ

घुमट
मुंबईत घरचा सब, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा सबवूफर, बनवायचा असेल तर सुरुवात वॅटपासून करू नका, खोलीपासून करा. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात शिरलं की पहिला प्रश्न "कितने वॅट का चाहिए", आपण पण छाती पुढे काढून पाचशे सांगतो, मग घरी आणून व्हॉल्यूम वाढवला की शोकेसच्या काचा थरथरतात आणि आपल्याला वाटतं बेस आला. बेस नाही आला, शोकेस वाजलं.

आपल्यातल्या बहुतेकांचा हॉल किंवा बेडरूम १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर तेवढ्या लांबीत ४७ हर्ट्झची अर्धी लाट बरोब्बर बसते. १० फुटात ५६ ची आणि उंचीत ५९ ची. म्हणजे खोली जिथे घुमते त्या तिन्ही जागा ४७ ते ५९ च्या मध्ये एकमेकींना खेटून. म्हणूनच आपल्याकडे ढोलकी वाजू दे की बेस गिटार, सगळं एकाच "बूंऽऽ" मध्ये ऐकू येतं. आणि ४७ च्या खाली लाटच बसत नाही, तिथे सब फक्त खोलीतल्या हवेवर दाब कमीजास्त करतो. आता गंमत अशी की आपल्या भिंती विटांच्या आणि वरखाली आरसीसीचा स्लॅब, त्यामुळे हा दाब बाहेर गळत नाही, खालचा बेस आपोआप उचलला जातो. याला रूम गेन म्हणतात. लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या घरात हे एवढं मिळत नाही, त्यामुळे तिकडचे यूट्यूबवाले कपाटाएवढे पोर्टेड (हवेसाठी पाईपचं तोंड ठेवलेले) बॉक्स बनवतात आणि आपण ते बघून इकडे तसेच बनवायला घेतो.

सील्ड (सगळीकडून बंद) बॉक्सचा आवाज खालच्या बाजूला ऑक्टेव्हमागे, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, १२ डीबीने (डेसिबलने) उतरतो, पोर्टेडचा २४ ने. सील्डचा उतार हळू असतो आणि खोली त्याला खालून टेकू देते, दोन्ही मिळून बऱ्यापैकी सपाट होतं. म्हणून माझं सरळ मत, छोट्या खोलीत सील्ड.

माझ्याकडे १० इंची ड्रायव्हर, म्हणजे बॉक्सशिवाय नुसता स्पीकर, होता, एफएस (मोकळा ड्रायव्हर ज्या हर्ट्झला घुमतो तो) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) ०.४५, व्हीएएस (त्याच्या लवचिकतेएवढी हवा) ४५ लिटर. बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू ०.७०७ हवा असेल तर ०.७०७ भागिले ०.४५, त्याचा वर्ग, वजा १, येतात १.४७, त्याने ४५ ला भागलं की साडेतीस लिटर. ड्रायव्हर आणि आतल्या आडव्या पट्ट्या जागा खातात, त्या धरून ३४ लिटर केलं. आतून ३२.४ सेमीचा क्यूब, १८ एमएम प्लाय, बाहेरून ३६ सेमी. सोफ्याच्या बाजूला टीपॉय म्हणून बसतो, घरचे खूश. कागदावर ४७ हर्ट्झला ३ डीबी खाली जातो, खोलीत मात्र तिशीपर्यंत व्यवस्थित ऐकू येतं.

डबल_अठरा
भावा सील्ड म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवल्यासारखं आहे. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, मागून निघणारा अर्धा आवाज तू बॉक्समध्ये कोंडून मारतोस. आम्ही मंडळाच्या सेटअपला आजपर्यंत सील्ड लावलेला नाही, कुणी फुकट दिला तरी लावणार नाही. पोर्ट नसेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट अ‍ॅम्प लागतो, कोन हलवणारी तारेची कॉइल तापते, रात्रभर वाजवायचं असेल तर सील्डची काय हालत होईल विचार कर.

घुमट
@डबल_अठरा तू बरोबरच बोलतोयस पण रस्त्याबद्दल बोलतोयस. मोकळ्यावर रूम गेन शून्य, समोर हजार माणसं, तिथे एकेक डीबी कमवावा लागतो, म्हणून पोर्टेड, हॉर्न, स्कूप असले मोठ्या आवाजाचे बॉक्स सगळं बरोबर. माझ्या खोलीत ऐकणारा मी, सोफा बॉक्सपासून सात फुटावर. शिवाय तुमचा तो डबल १८ चा (दोन १८ इंची वूफरच्या बॉक्सचा) बेस ४० च्या खाली फारसा जातच नाही, त्याला जायची गरजही नाही, लोकांच्या छातीत बसतं ते ५० ते १०० मधलं. सिनेमातल्या स्फोटाला २५ हवे असतात. तेवढ्याच आवाजासाठी ४० वरून २० ला आलं की कोनला चौपट हलावं लागतं, आणि पोर्टेड बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या हर्ट्झला वाजतो त्याच्या) खाली कोनला मागून आधारच राहत नाही, तो मोकाट सुटतो. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा आवाज कापणारा) नसेल तर तिथेच कॉइल मागच्या प्लेटवर आपटून वूफर संपतो.

डबल_अठरा
सबसॉनिक तर लावतोच रे. ठीक आहे, खोलीचं मला माहीत नाही, आमच्या घरात सब ठेवायला जागाच नाही, गोडाऊनमध्येच सगळं.

रंधा_पटाशी
बॉक्सच्या लाकडाबद्दल मी बोलतो, धंदाच तो आहे आपला.

नेटवर सगळीकडे एमडीएफ एमडीएफ. एमडीएफ वाईट नाही, एकसारखं असतं, गाठ नाही, आत पोकळी नाही, कापायला मऊ, राऊटर मारला की कड लोण्यासारखी येते. पण मुंबईच्या पावसाळ्यात उघडी कड राहिली की ती पाणी पिते आणि फुगते, एकदा फुगली की परत बसत नाही, घासा नाहीतर दाबा. स्क्रू धरायला पण कच्चं, कडेतून स्क्रू मारला की फाटतं. त्यात १८ एमएमची आठ बाय चारची शीट चाळीस किलोच्या आसपास भरते, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर विचार करून घ्या.

प्लायमध्ये दोन प्रकार समजून घ्या. साधं कमर्शियल ज्याला एमआर म्हणतात ते आयएस ३०३ चं, दमटपणा सोसतं पण पाणी नाही. दुसरं मरीन किंवा बीडब्ल्यूपी, आयएस ७१०, उकळत्या पाण्यात टिकणारा गोंद. छाप शीटवर मारलेला असतो, बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. हॉलमध्ये ठेवायच्या सबला एमआर पुरतं, बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल आणि बॉक्स तिथेच टेकणार असेल तर ७१० घ्या. स्वस्त प्लायमध्ये मधल्या थरात पोकळ्या असतात आणि त्या बेसवर किरकिरतात, आवाज कुठून येतो ते शोधता शोधता माणूस वेडा होतो. शीट उभी धरून बोटाच्या हाडाने ठोकत जा, जिथे आवाज पोकळ येईल तो तुकडा पुढच्या फळीला वापरायचा नाही.

जोडताना फेव्हिकॉल भरपूर, शिकंजे लावून रात्रभर ठेवा, स्क्रू नुसता धरून ठेवायला असतो, खरी पकड गोंदाची. पुढची फळी डबल करा, ३६ एमएम, वूफर तिलाच लटकणार आहे. आत मधोमध एक पट्टी, समोरासमोरच्या भिंतींना जोडणारी. वरून सनमायका लावा नाहीतर लांबी भरून रंग मारा, पण आतून सगळ्या सांध्यांना गोंदाचा हात फिरवायला विसरू नका. सील्ड बॉक्स गळका असला की तो सील्डही नाही आणि पोर्टेडही नाही.

घुमट
गळतीवरून, ड्रायव्हर बसवल्यावर कोन चारी बोटांनी समान दाबून हळूच आत न्यायचा आणि सोडायचा. बॉक्स घट्ट असेल तर दाबताना हवेचा विरोध लागतो आणि कोन दमाने परत येतो. नंतर २५-३० हर्ट्झचा टोन लावून प्रत्येक सांध्याजवळून पेटती अगरबत्ती फिरवायची. धुराची रेघ सरळ वर जात असेल तर ठीक, एका जागी थरथरून तुटायला लागली की तिथे फट. माझी टर्मिनलच्या मागे सापडली, वायरीच्या भोकातून. एमसील लावलं.

चकली
मी ठाण्यात राहते, दोन बॉक्स बनवलेत, दोन्ही बाल्कनीत, जिगसॉवर. आमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिलिंग बंद असतं, त्यामुळे कापाकापी सकाळीच उरकावी लागते.

ज्यांच्याकडे टेबल सॉ नाही त्यांच्यासाठी, सरळ कट प्लायच्या दुकानातच मारून घ्या, पॅनल सॉ असलेलं दुकान शोधा, मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून न्या. फुटात सांगितलं तर "थोडा इधर उधर चलता है" होतं आणि मग क्यूब चौकोनी राहत नाही. घुमट यांच्या मापाला डबल फळी धरून सात तुकडे होतात, अर्ध्या शीटमध्ये बसतात, पण अर्धी शीट विकणारा मिळायला पाहिजे. गोल भोक मात्र घरी, मध्ये खिळा ठोकून पातळ पट्टीच्या कंपासने रेघ आणि मग जिगसॉ सावकाश. कापलेले तुकडे मी लोकलने आणले, दुपारी लगेजच्या डब्यातून, सुतळीने बांधून. कुणी काही विचारलं नाही, एका मावशींनी फक्त देव्हारा आहे का विचारलं.

माझा प्रश्न वेगळा. मला चोर बाजारातून एक १२ इंची मिळालाय, जाड मॅग्नेट, रबर सराउंड (कोनच्या भोवतीची लवचिक कड), मागे कसलंही लेबल नाही. क्यूटीएस आणि व्हीएएस आणायचं कुठून? की अंदाजे ५० लिटर बनवून मोकळी होऊ?

मीडियम_वेव्ह
चकली, अंदाजे बनवू नकोस, मोजता येतं आणि घरच्या घरी येतं. आधी एक बघितलंस का, सराउंड खरंच रबर आहे ना? जुन्या वूफरना फोमचा असायचा आणि आपल्या दमट हवेत तो दहा-पंधरा वर्षात भुगा होतो, बोट लावलं की पावडर. तसा निघाला तर ग्रँट रोडला रीकोनिंगवाले आहेत, सराउंड बदलून देतात, पण बदलल्यावर एफएस हलतो, त्यामुळे मोजणी नंतरच कर.

आता मोजणी. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून सिग्नल, मध्ये एक रेझिस्टर, १०० ओहमचा चालेल, आणि पुढे वूफर. रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज साउंडकार्डच्या इनपुटला, हे इनपुट स्टीरिओ पाहिजे, लॅपटॉपचा माइक जॅक बहुतेक मोनो असतो म्हणून यूएसबीचं साउंडकार्ड घे. आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते यावरून इम्पीडन्सचा (हर्ट्झप्रमाणे बदलणाऱ्या ओहमचा) आलेख काढतं. आलेखात एक उंच शिखर दिसेल, ते जिथे तो एफएस. शिखराची रुंदी आणि उंची यावरून क्यू निघतो. व्हीएएस साठी कोनवर माहीत असलेलं वजन चिकटवायचं आणि शिखर किती खाली सरकलं ते बघायचं. लोक नाणी चिकटवा सांगतात, पण आपली एक आणि दोन रुपयांची नाणी स्टीलची, चुंबकाला ओढली जातात, कोनच्या मधोमध ठेवलीस तर मोजमाप चुकणार. त्यापेक्षा मुलांच्या क्लेचा गोळा घे, सोनाराच्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोल आणि डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) कडेने वळी करून दाब. शिखर वीस-पंचवीस टक्के खाली आलं पाहिजे, कमी सरकलं तर उत्तर डळमळीत येतं.

हे सगळे आकडे ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते थील आणि स्मॉल, दोघांचंही काम ऑस्ट्रेलियातलं. थीलचा पेपर १९६१ चा, स्मॉलचे १९७० नंतर आले. त्याच्या आधी पोर्टेड बॉक्स म्हणजे बराचसा अंदाजाचा कारभार होता. सील्ड त्याहून जुना, अमेरिकेत एडगर व्हिल्चरने १९५४ मध्ये एआर-१ काढला, बॉक्समधल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरायचं ही त्याची कल्पना. तोवर चांगला बेस म्हणजे फ्रिजएवढं कपाट असंच होतं.

आमच्या वेळी माठात स्पीकर बसवायचे. मीही बसवलाय. तोंडावर स्पीकर उपडा, कडेला कापूस आणि एमसील. आत समोरासमोर सपाट भिंती नसल्यामुळे मधला आवाज खरंच स्वच्छ येतो, भांडं जाड आणि ताठ. पण माठाचा लिटरेज कोणीच बघत नाही. पाणी भरून तांब्याने मोजा आणि मग ड्रायव्हर निवडा, पंधरा लिटरच्या माठात आठ इंची कोंबला की नुसता घुमतो.

डबल_अठरा
काका माठ मंडळात पण वाजवायचे पूर्वी, बाबा सांगतात 🙂

दादर_पूर्व
अ‍ॅम्पचं कोणी बोलेना. माझ्याकडे ४४४० चा बोर्ड आहे, दुकानदाराने १०० वॅट सांगितलाय. घुमटभाऊंच्या १० इंचीला चालेल का?

घुमट
@दादर_पूर्व नाही चालणार. एलए४४४० ची डेटाशीट बघ, १३.२ व्होल्टला दोन चॅनेलचे ६-६ वॅट, ब्रिज केला (दोन्ही चॅनेल एकत्र जोडले) तर १९. शंभर कुठून आले ते दुकानदारालाच ठाऊक. पीएमपीओचा (फुगवलेल्या वॅटचा) जमाना आठवत असेल तर तेच चालू आहे अजून, टेपरेकॉर्डरवर १००० लिहिलेलं असायचं आणि आत चार वॅट.

सबसाठी खरे ६० ते १०० वॅट असले की या खोलीत पोट भरतं. वॅट दुप्पट केले की ३ डीबी वाढतात, बस, त्यामुळे १०० चे २०० करून काय मिळतं याचा हिशोब करा. दोन रस्ते. एक टीडीए७२९४, जुना भरवशाचा आयसी, पण ट्रान्सफॉर्मर नीट निवडावा लागतो. ४ ओहमचा वूफर असेल तर १८-०-१८ घ्या, रेक्टिफाय होऊन प्लसमायनस २५ च्या आसपास येतात. लोक मोहाने २४-०-२४ लावतात, ते ८ ओहमला ठीक, ४ ओहमला आयसी तापून प्रोटेक्शनमध्ये जातो नाहीतर उडतो. बाजारात नकली ७२९४ फार, छपाई बोटाने पुसली जात असेल तर परत द्या. हीटसिंक तळहाताएवढा नको, मोठा घ्या, आणि या आयसीच्या पाठीवर मायनस सप्लाय असतो, मायकाची वीज अडवणारी चकती न लावता हीटसिंक चासीला टेकवला तर भडका.

दुसरा रस्ता टीपीए३११६, क्लास डी, २४ व्होल्टचा लॅपटॉपसारखा अडॅप्टर, फारसा गरम होत नाही, नवख्याने हाच घ्यावा. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायची वेळच येत नाही. ज्यांना पहिल्यांदाच ट्रान्सफॉर्मर जोडायचाय त्यांनी कुणी जाणता बाजूला बसवून जोडा, आणि बंद केल्यावरही मोठे कॅपॅसिटर भरलेले असतात हे डोक्यात ठेवा.

कारचे वूफर घेणाऱ्यांनी मागे टर्मिनल दोन आहेत की चार ते बघा. ड्युअल ४ ओहम असेल तर सिरीजमध्ये ८ होतात आणि पॅरलल केले तर २. होम अ‍ॅम्पला २ ओहम दाखवू नका.

दादर_पूर्व
समजलं. मग ४४४० चं काय करू, त्याच्यावर सॅटेलाइट (सबसोबतचे छोटे स्पीकर) वाजवतो. अजून एक, जुन्या सबमधून सतत हुंऽऽ आवाज येतो, व्हॉल्यूम शून्य केला तरी.

मीडियम_वेव्ह
टीव्हीला केबलवाल्याची वायर आहे ना? सेटटॉप बॉक्सच्या मागची ती जाड गोल वायर काढ आणि ऐक. हुंऽ गेला तर ग्राउंड लूप, केबलवाल्याचं अर्थिंग एकीकडचं आणि तुझ्या अ‍ॅम्पचं दुसरीकडचं. केबलच्या लायनीत आयसोलेटर लाव. प्लगची अर्थची पिन तोडायचा सल्ला बरेच जण देतात, ते अजिबात करू नकोस.

खालचा_मजला
मी तुमच्यासारख्यांच्या खाली राहतो. एवढं सगळं गणित केलंत, खाली काय होतं त्याचं गणित कोणी केलंय का? रविवारी दुपारी आमच्या मांडणीवरची भांडी आपोआप सरकतात. तक्रार केली तर वरचे मोबाइलवर अ‍ॅप दाखवतात, बघा काका पन्नासच डेसिबल आहे.

घुमट
@खालचा_मजला काका, अ‍ॅप खोटं बोलत नाहीये पण चुकीची गोष्ट मोजतंय. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी ए सांगतात. हे "ए" म्हणजे माणसाच्या कानासारखं वजन लावून मोजलेलं, आणि त्या वजनात ५० हर्ट्झचा आवाज ३० डीबीने कमी धरला जातो. म्हणजे मीटरवर ५० दिसत असताना खोलीत बेस ८० चा असू शकतो. भांडी मीटर बघत नाहीत.

वरच्या लोकांसाठी, सबखाली रबर किंवा फोमचे पॅड लावले की बॉक्सची थेट थरथर फरशीत उतरायची थोडी कमी होते, पण हवेतून जो दाब स्लॅबवर पडतो तो पॅडने थांबत नाही, एवढा लांब लाटेचा आवाज पडद्याने, गादीने, अंड्याच्या ट्रेने तर मुळीच थांबत नाही. उपाय दोनच, आवाज कमी आणि ४७-५९ मधली ती घुमणारी शिखरं इक्वलायझरने कापणं. खालच्या मजल्यावर सगळ्यात जास्त त्रास त्याच शिखरांचा होतो आणि कापल्यावर आपल्यालाही बेस स्वच्छ ऐकू येतो. रात्री दहानंतर मी सब बंदच करतो, स्विच वेगळा काढून ठेवलाय.

खालचा_मजला
तुमच्या खाली फ्लॅट रिकामा असेल तर सांगा.

लालबागची_गच्ची
आमची चाळ जुनी, लाकडी तुळया आणि वर फळ्या, माणूस चालला तरी कपाट हलतं. मला सब हवाय पण हे सगळं वाचून हिंमत होईना. काही मार्ग आहे का? रीडेव्हलपमेंटची वाट बघितली तर मी रिटायर होईन.

रंधा_पटाशी
लाकडी जमिनीवर सब ठेवला की जमीनच दुसरा स्पीकर होते. कडप्प्याचा जाड तुकडा घे, बॉक्सपेक्षा थोडा मोठा, खाली चार कोपऱ्यांना मऊ रबर, वर सब. जड दगड आणि खाली मऊ, त्यामुळे थरथर बरीचशी तिथेच मरते. तुळईच्या मधोमध नको, भिंतीजवळ जिथे तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे ठेव, तिथे कमी लवते.

घुमट
आणि लाकडी मजल्यावर, कौलाखाली रूम गेनची आशा ठेवू नकोस, दाब गळून जातो. आठ इंची छोटा सील्ड बनव, ४५ पर्यंत गेला तरी गाण्यांना भरपूर.

चकली
मोजलं एकदाचं! एफएस २८, क्यूटीएस ०.४७, सराउंड रबरच आहे. विनआयएसडी या बॉक्सचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर सील्डच सुचतंय, ६० लिटरच्या आसपास. बॉक्स बनून वाजतोय. पण सोफ्यावर बसलं की बेस गायब आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की दणदण. आतमध्ये उशीतलं रेक्रॉन भरलंय, फेज उलटी (वायरी अदलाबदल) करून बघितली, काही नाही.

घुमट
सोफा खोलीच्या मधोमध आहे का? १२ फुटाची ४७ वाली लाट बरोब्बर मध्यावर शून्य असते आणि भिंतीपाशी सगळ्यात मोठी. सब उचलून सोफ्यावर ठेव, एखादं संथ बेसचं गाणं लाव आणि तू भिंतीच्या कडेने रांगत फीर, कान जमिनीजवळ. जिथे बेस भरीव आणि एकसारखा वाटेल, दणदण नाही, भरीव, तिथे सबची जागा. रेक्रॉन चांगलंच आहे, बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो, पण कोनच्या मागे कॉइलला लागू देऊ नकोस.

चकली
रांगले. सासूबाईंनी विचारलं काय हरवलंय. जागा शिवणयंत्राच्या बाजूला निघाली, खिडकीच्या भिंतीला, आणि सोफा फूटभर मागे सरकवला. आता एकदम वेगळंच वाजतंय. फक्त स्लायडिंग खिडकी तडतडते, तिच्या चॅनेलमध्ये फेल्टची पट्टी लावणार आहे. क्रॉसओव्हर (सब किती हर्ट्झपर्यंत वाजेल ती मर्यादा) ८० ला ठेवलाय, वर नेला की सब कुठे आहे ते कळायला लागतं.

डबल_अठरा
तुम्ही लोकांनी डोकं फिरवलं माझं. एक १२ इंची पडून आहे, नवाच आहे, कागद पण आहे. एफएस ३२, क्यूईएस (क्यूटीएसमधला कॉइल-मॅग्नेटचा भाग) ०.३३, क्यूटीएस ०.३१, व्हीएएस ९० लिटर. मित्राच्या हॉलसाठी तुमच्यासारखा सील्ड करून बघतो. किती लिटर?

घुमट
याला सील्ड करू नकोस 😄 ०.७०७ चा हिशोब केला तर २१ लिटर येतात पण बॉक्समधला रेझोनन्स (घुमण्याची जागा) ७३ हर्ट्झवर जातो, मग रूम गेनने किती उचलणार? एफएस भागिले क्यूईएस कर, ९७ येतात. हा आकडा ५० च्या खाली असला तर सील्ड, १०० च्या जवळ किंवा वर असला तर पोर्टेड, अंगठ्याचा नियम आहे पण इथे बरोबर लागू पडतो. मॅग्नेट तगडा आहे या ड्रायव्हरचा, पोर्टसाठीच बनवलाय.

डबल_अठरा
म्हणजे एवढे दिवस मी जे बोंबलत होतो ते बरोबर होतं ना!

घुमट
या ड्रायव्हरपुरतं हो. ५० लिटर निव्वळ, ट्यूनिंग ३५ हर्ट्झ. आतून १० सेमी व्यासाचा पाईप धरला तर लांबी ३१ सेमी येते. प्लंबिंगचा ११० चा पीव्हीसी घे पण आतला व्यास पट्टीने मोज, जाडीप्रमाणे बदलतो आणि त्यावर लांबी बदलते. ७५ चा घेऊ नकोस, लांबी निम्मी लागते म्हणून मोह होतो पण हवा जोरात गेली की फुसफुस ऐकू येते. पाईपच्या आतल्या तोंडापासून मागच्या फळीपर्यंत निदान १० सेमी मोकळे ठेव, नाही बसला तर एल्बो लाव. पाईपने खाल्लेली जागा आणि ड्रायव्हरची जागा ५० मध्ये वरून मिळव. पाईप आधी ३४-३५ चा काप, बसव, इम्पीडन्सचा आलेख काढ, दोन शिखरांच्या मधली दरी ३५ वर येईपर्यंत थोडा थोडा कापत ये. आणि सबसॉनिक ३० ला.

डबल_अठरा
आलेखाचा खटाटोप कोण करणार. चकलीताई, ते रेझिस्टरवालं जोडलेलं आहे ना अजून तुमच्याकडे? शनिवारी ठाण्याला घेऊन येतो बॉक्स, टेम्पो आहेच.

चकली
या, पण २ च्या आधी या.